जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती कशी चालवावी

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 मुळे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत सदस्यांची नावंही रंगवलेली दिसतात. घोडं अडतं ते सभेपाशी. सभा न घेताच रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि महिना निभतो. ही सवय मोडली तर बाकीची कामं हळूहळू मार्गी लागतात.

निवड

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि तेव्हा पेरणीची धांदल असते. म्हणून पालकसभा पेरणी आटोपल्यावर ठेवा आणि चार दिवस आधी दवंडी द्या. समितीत किमान 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे 12 जणांच्या समितीत 9 पालक, आणि बारांपैकी किमान 6 बाया. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात. ज्याचं लेकरू तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जातं, त्याला पालक सदस्य होता येत नाही, मग गावात त्याचं वजन कितीही असो. सदस्य बाईच्या जागी नवरा येऊन बसला तर चहा द्या, पण हजेरी लावू नका.

सभा

सभा दर महिन्याला. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की दुपारची सभा रिकामीच जाते. संध्याकाळी सातची वेळ ठेवा, किंवा बाजाराच्या दिवशी सकाळची. त्या दिवशी मजुरीला सहसा खाडा असतो. सूचनेत तारीख, वेळ आणि तीनच विषय लिहा. दहा विषय घेतले की एकही धड होत नाही.

ठराव सभेतच लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा आणि मग सह्या घ्या. रेघ नसली की मागून ओळी वाढतात. “पाण्याची सोय व्हावी” हा ठराव कुणालाच बांधत नाही. असा लिहा: “मुलींच्या शौचालयातील तुटलेली तोटी बदलणे, खर्च शाळा अनुदानातून, जबाबदारी अध्यक्षांची, मुदत 20 ऑगस्ट.” पुढच्या सभेचा पहिला विषय हाच ठराव.

खिचडी

महिन्यातून दोनदा तरी, न सांगता, शिजवायला घेण्याच्या वेळी जा. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. आधी वर्गात जाऊन डोकी मोजा. पट 52 असला आणि हजर 38 असले, तर काट्यावर 3 किलो 800 ग्रॅम तांदूळ, 760 ग्रॅम डाळ, 1 किलो 900 ग्रॅम भाजी आणि 190 ग्रॅम तेल आलं पाहिजे. रजिस्टरवर मात्र 52 दिसले, तर फरक तिथेच टिपून घ्या. डाळ आणि तेल ह्यांवर जास्त लक्ष ठेवा. पातळ खिचडीचं कारण बहुधा तिथेच सापडतं. स्वयंपाकीण बाईवर ओरडू नका, तिला जेवढं मोजून मिळतं तेवढंच ती शिजवते. वाढण्याआधी चव घ्या आणि चव रजिस्टरमध्ये खरं तेच लिहा.

पैसा आणि मागण्या

समग्र शिक्षा ह्या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषाप्रमाणे 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान असतं. त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा. रक्कम बरेचदा वर्षाच्या शेवटी येते आणि मग मार्चमध्ये घाईघाईने नको ती खरेदी होते. यादी डिसेंबरमध्येच, शाळा विकास आराखडा करताना, ठरवून ठेवा. खर्चाची बिलं सभेत वाचून दाखवायला सांगा. समितीला तो हक्क आहे.

वर्गखोलीचं छप्पर, कुंपण, नवं शौचालय ह्या अनुदानात बसत नाही. कुंपण आणि शौचालयाची मागणी 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा आणि गावाच्या विकास आराखड्यात घालून घ्या. छपरासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सोबत ठरावाची नक्कल आणि गळक्या जागेचा तारखेसह फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर स्मरणपत्रात तोच क्रमांक टाका. क्रमांक नसलेला अर्ज “मिळालाच नाही” म्हणायला कारकुनाला क्षणही लागत नाही.