जुन्या सागवानी कपाटाला झिजलेल्या थरांचा रंग

कपाटाला दोन रंगांचे थर द्यायचे आणि वरचा जागोजागी घासून खालचा दाखवायचा, म्हणजे ते वापरून झिजल्यासारखं दिसतं. ठाणे-नवी मुंबईत हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. दमट हवेत इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) वरून सुकल्यासारखं वाटतं, आत ओलंच असतं. पॉलिश पेपर फिरवला की रंग झिजत नाही, रबरासारख्या वळ्या होऊन उचकटतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. घोडबंदर रोडसारखा रहदारीचा रस्ता समोर असेल तर बाल्कनीऐवजी खोलीत, खिडकी उघडी ठेवून बसा. ओल्या रंगावर बसलेली धूळ निघत नाही.

कंबरेएवढ्या कपाटाला दोन्ही रंगांचं प्रत्येकी २०० मिली इमल्शन पुरतं. खाली गडद हिरवा किंवा निळा, वर मळकट पांढरा. रंग मॅटच घ्या. चकचकीत रंगाला जुनेपणा चढत नाही.

आधी १२० नंबरच्या पेपरने जुनं पॉलिश मोडा, मग १८०ने गुळगुळीत करा. कपाटावर २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. ओल्या वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. खाचा लांबीने (पुट्टीने) भरा. त्यानंतर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन पातळ हात द्या. (स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवघरातला दिवा, गॅस तेवढा वेळ बंद.) ही पायरी अनेकजण गाळतात. मग महिनाभरात पांढऱ्यावर चहासारखे डाग उमटतात आणि दोष रंगाला जातो. सागाच्या लाकडातला तो रंग अडवायचं काम लाखेचं.

लाख सुकली की २२०चा पेपर हलका फिरवा आणि गडद रंगाचे दोन हात द्या. दोन हातांमध्ये किमान चार तास, शेवटच्या हातानंतर अख्खी रात्र.

आता साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि कडांवर, मुठीभोवती, पायांच्या तळाशी घासा, म्हणजे तिथला पांढरा नंतर सहज सुटेल. मेण कुठे लावायचं ते कपाटच सांगतं: दार उघडताना अंगठा कुठे टेकतो, खण ओढताना बोटं कुठे लागतात, झाडू-पोछा कुठे आपटतो. चारी कडा सारख्याच खरवडल्या की नाटकातलं सामान वाटतं. सपाट भागाला मेण नकोच.

पांढऱ्याचा एक भरीव हात द्या, रात्रभर सुकू द्या. नखाने दाबून पाहा. खूण उठली तर आणखी एक दिवस थांबा. मग २२०चा पेपर मेणावरून हलक्या हाताने फिरवा. पांढरा सुटून खालचा गडद रंग दिसू लागेल. काही जागी आणखी जोर दिला की लाकूड उघडं पडतं, तिथे थांबा.

भेगा हव्यात? त्या भागावर मेण लावू नका. गडद रंगावर सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी न घालता जाड लावा. बोटाला चिकटेल इतपत सुकला की पांढरा एका फटक्यात ओढा. ब्रश मागे फिरवलात तर भेगा बुजतात. जाड रंगाला रुंद भेगा, पातळ रंगाला बारीक.

शेवटी टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने उरलेलं मेण पुसा, एक दिवस वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारा मॅट क्लिअर कोट (पारदर्शक थर) दोनदा. मेण राहिलं तर कोट तिथे गोळा होतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. कपाट आठवडाभर भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, दारं उघडी.