झोपण्याची खोली : आधी उजेड, मग कापड

पुण्यातल्या अनेक सदनिकांमध्ये झोपण्याची खोली दहा बाय अकरा फुटांच्या आसपास असते आणि पलंग व कपाट मावले की तिच्यात चालण्यापुरती वाट तेवढी उरते. अशा खोलीत शोभेच्या वस्तू आणून मांडल्या, तर ती सजण्याऐवजी अधिक दाटीची होते. म्हणून सजावटीला उजेड आणि कापड या दोन गोष्टींपासून आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे. भिंतींचा रंग न बदलता आणि सुताराला न बोलावता खोलीला निवांतपणा येतो तो मुख्यतः यांच्यामुळेच, आणि दोन्ही कामे घरच्या घरी होण्यासारखी आहेत.

त्यापूर्वी पलंगाखालच्या बॅगा, कपाटावरची खोकी आणि दारामागे लटकणारे कपडे हलवून खोली मोकळी करावी आणि भिंती नीट पाहून घ्याव्यात. बाहेरच्या बाजूची किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिच्यावरच्या रंगाचे पापुद्रे सुटतात आणि कोपऱ्यात काळसर बुरशी दिसू लागते. अशा भिंतीवर वॉलपेपर चिकटवण्याचा किंवा कापड ताणून बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण झाकलेली ओल आतल्या आत वाढते आणि खोलीला कुबट वास येतो. दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांत, भिंत कोरडी असताना करून घ्यावी. कपाटही भिंतीला अगदी चिकटवून न ठेवता मागे हवा खेळण्यापुरती तीन-चार बोटे जागा सोडावी.

आता उजेडाकडे वळू. बहुतेक घरांत छताजवळ पांढऱ्या प्रकाशाची एकच ट्यूब असते. ती झाडलोट करताना किंवा कपाटात काही शोधताना उपयोगी पडते, पण रात्री तिच्या उजेडात खोली एखाद्या कार्यालयासारखी वाटते. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. 6500 केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा असतो, तर 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर असतो. झोपण्याच्या खोलीसाठी हा दुसरा बल्ब घ्यावा. 5 किंवा 7 वॅटचे दोन बल्ब पुरेसे होतात, आणि ते छताला न लावता पलंगावर बसल्यावर डोळ्यांच्या पातळीच्या थोडे खाली येतील असे ठेवावेत. उघडा बल्ब मात्र कुठूनही थेट डोळ्यांत येऊ नये.

त्यासाठी लागणारी झाकणी म्हणून बांबूची टोपली फार चांगली. बुरुड आळीत सुपे, परड्या आणि टोपल्या विकायला असतात. त्यांतून साधारण फूटभर व्यासाची, विरळ विणीची टोपली निवडावी. विण घट्ट असेल तर उजेड अडतो. विरळ असेल, तर भिंतीवर उभ्या-आडव्या सावल्यांची सुरेख जाळी पडते. टोपली उलटी धरून तळाच्या मध्यभागी होल्डरची मान जाईल एवढेच भोक धारदार कटरने पाडावे आणि तुटलेल्या काड्यांची टोके चिकट पट्टीने बांधून घ्यावीत, म्हणजे विण पुढे उसवत नाही. पावसाळ्यात बांबूला बुरशी लागते, म्हणून आतून-बाहेरून पातळ वॉर्निशचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच टोपली टांगावी. आत केवळ एलईडी बल्ब लावावा. जुन्या तारेच्या बल्बची उष्णता बांबूजवळ धोक्याची ठरते. होल्डर, वायर आणि पिन जोडण्याची सवय नसेल, तर तेवढे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. येथे काटकसर करू नये.

उजेडानंतर पडदा. तयार पडद्यांच्या किमती पाहून अनेक जण जेमतेम खिडकीएवढे कापड लावतात आणि ते ताणलेल्या चादरीसारखे दिसते. पडद्याचे सौंदर्य त्याच्या चुण्यांत असते, आणि चुण्या पडण्यासाठी कापडाची एकूण रुंदी खिडकीच्या दुप्पट तरी हवी. येथे आपल्या कपाटातली जुनी सुती सहावारी साडी कामी येते. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. ती मधोमध कापली की पावणेतीन मीटर लांबीचे दोन पडदे मिळतात आणि चार फुटी खिडकीला ते चांगल्या चुण्या पडून पुरतात. कापण्यापूर्वी साडी मिठाच्या पाण्यात भिजवून, धुवून, वाळवून घ्यावी, म्हणजे ती आटते किती आणि रंग सोडते का, हे आधीच कळते. वरच्या बाजूला रॉड सहज सरकेल असा तीन इंचांचा नेफा शिवावा, खाली चार इंच दुमड ठेवावी आणि साडीचे काठ उभे तसेच राहू द्यावेत. रॉड खिडकीच्या चौकटीपेक्षा सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर बसवला, तर खिडकी मोठी वाटते. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याची परवानगी नसेल, तर चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड वापरावा. खिडकी पश्चिमेची असेल, तर उन्हाळ्यातील दुपारच्या उन्हासाठी मागे जाड सुती कापडाचे अस्तर लावणे गरजेचे आहे. केवळ साडीने ते ऊन थांबत नाही. नेफ्याचा दोरा, कड्या आणि किरकोळ सामान तुळशीबागेत मिळते, आणि तेवढ्यासाठी दुसरीकडे जाण्याची गरज नाही.

पलंगावर मात्र गोधडीच हवी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातले किमान तापमान अनेकदा दहा अंशांच्या जवळ उतरते, आणि त्या थंडीला चार-पाच थरांची सुती गोधडी बरोबर पुरते. दोन जणांच्या पलंगासाठी प्रत्येक साडी मधोमध कापून तिचे दोन्ही तुकडे काठाला काठ जोडून शिवावेत. त्यातून सव्वादोन मीटरच्या आसपास रुंदीचा एक थर तयार होतो. सर्वांत मऊ साड्या वरच्या आणि खालच्या थराला ठेवाव्यात, विरलेल्या किंवा डाग पडलेल्या मध्ये घालाव्यात. नायलॉन किंवा तशी कृत्रिम धाग्याची साडी एकाही थरात घेऊ नये, कारण ती घाम शोषत नाही. सारे थर फरशीवर अंथरून हाताने सुरकुत्या काढाव्यात, मध्यापासून कडांकडे मोठे कच्चे टाके घालावेत आणि मगच जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालायला बसावे. दोन ओळींत एका बोटाएवढे अंतर ठेवले, तर गोधडी धुतल्यावरही आतले थर गोळा होत नाहीत. एवढे शिवायला कित्येक संध्याकाळी जातात, म्हणून दिवाळीच्या आत हात घालणे इष्ट. इतका वेळ नसेल, तर साड्या नेऊन दिल्यावर गोधडी शिवून देणाऱ्या महिला अनेक वस्त्यांत आहेत. त्यांच्या कष्टाचे दाम घासाघीस न करता द्यावे.

पलंगाच्या ज्या बाजूला सकाळी पाय टेकतात, तिथे एक लहान सतरंजी पुरे. मोठा गालिचा अंथरून तो पावसाळ्यात दमट ठेवण्यापेक्षा ही झटकायला आणि उन्हात टाकायला सोपी जाते.

भिंतीवर फार काही लावू नये. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लाकडी चौकटी मिळतात. त्यांपैकी एखादी पॉलिश पेपरने घासून, तिच्यात पुठ्ठ्यावर ताणलेला खणाचा तुकडा किंवा घरातले एखादे जुने छायाचित्र बसवावे. उशाशी एवढे एकच पुरेसे आहे. चार लहान चौकटींपेक्षा एक मोठी चांगली दिसते.

हिरवाई हवी असेल, तर पाण्याच्या बाटलीतला मनी प्लँट खिडकीशी ठेवावा. ते पाणी आठवड्यातून एकदा न चुकता बदलावे आणि बाटली आतून घासून घ्यावी. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि त्याच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.