मोटरच्या बोर्डाशेजारचं स्टिकर: घरगुती सेवेच्या धंद्यासाठी छापील जाहिरात कशी करावी

नळ, वायरिंग, कूलर किंवा टाकी धुण्याची कामं करत असाल, तर छपाईवर पैसे घालण्याआधी एक ठरवा: गिऱ्हाईकाला आपली आठवण कधी येते आणि तेव्हा ते घरात कुठे उभं असतं? छत्रपती संभाजीनगरात हाच धंदा करताना मला कळलं, की त्या वेळी त्या जागी आपला कागद असेल तरच फोन येतो.

आधी वेळ धरा. मराठवाड्यात होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली उतरतात. ताट्या बदलायच्या असतात, पंप अडकलेला असतो. म्हणून कूलरचं पत्रक होळीच्या आठवडाभर आधी घरात पोचायला हवं. टाकी धुण्याचं मृगाच्या आधी. लातुरात शिकवणीसाठी मुलं जूनमध्ये येतात. घरमालक त्याआधी खोल्यांतले पंखे-गिझर बघून घेतात, तिथे मे महिना साधा.

एका पत्रकावर एकच काम लिहा. माझ्या पहिल्या पत्रकावर मी अकरा कामं कोंबली होती आणि नंबर तळाशी, बारीक. दोन हजार छापली, फोन आले चार. आता वर ठळक ‘पाण्याची टाकी धुऊन मिळेल’, खाली टाकीच्या लिटरप्रमाणे दर, आणि नंबर इतका मोठा की आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावा. दर जरूर छापा. भाव आधीच कळला की लोक बिनधास्त फोन करतात.

पत्रकाला ए-५ आकार (१४८ × २१० मिमी) आणि ८० ते ९० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. कार्डाला ३०० जीएसएम घ्या. हजारच्या पुढे ऑफसेट छपाई परवडते, शंभर-दोनशेच हवी असतील तर डिजिटल. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मात्र कागदावरच मागा. मोबाईलवर टाइप केलेला मराठी मजकूर प्रेसच्या फॉन्टमध्ये घेताना जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचा, आणि प्रूफवरचा नंबर बघून स्वतः फोन लावा. तुमचाच मोबाईल वाजला, तरच छपाईला होकार द्या.

पेपरमधून वाटायची असतील तर आदल्या दिवशीच विक्रेत्याशी बोला, शंभर-शंभरचे गठ्ठे मोजून द्या. विजेच्या खांबांवर, लोकांच्या भिंतींवर चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५चा कायदा आहे.

पण माझा खरा भरवसा स्टिकरवर. सुरुवातीला मी ते गच्चीवरच्या टाकीवर लावायचो. एका उन्हाळ्यात लाल रंग उडाला, कडा सुटल्या. मग जागा बदलली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातलं कुणीतरी मोटर चालू करायला बोर्डापाशी जातंच. स्टिकर तिथेच, बोर्डाच्या शेजारी. घरच्यांना विचारून, फडक्याने धूळ पुसून लावायचं. लॅमिनेशन केलेलं विनाइल घ्या आणि दोन जागा कोऱ्या ठेवा: ‘टाकी धुतली’ आणि ‘पुढची तारीख’. काम झालं की पक्क्या मार्करने दोन्ही तारखा तिथेच भरा. पुढची तारीख उलटली की माझ्याकडे फोन येतो, तोही ‘तुमचं स्टिकर बघितलं’ असं सांगत.

शेवटचं काम हिशोबाचं. प्रेसवाल्याला सांगून पत्रकांच्या कोपऱ्यात भागाप्रमाणे एक अक्षर छापून घ्या: गारखेड्याला ‘ग’, सिडकोला ‘स’, वाळूजला ‘व’. फोन आला की विचारा, “कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे, ताई?” वहीत ते अक्षर लिहा, काम मिळालं का तेही लिहा. दोन महिन्यांनी वही उघडा आणि पुढची हजार पत्रकं कोणत्या भागात किती टाकायची, ते त्यावरून ठरवा.