जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी: गॅस भरण्याआधीचं काम

जुनी जपानी स्पोर्ट्स कार विकणारा हमखास म्हणतो, "एसी चालू आहे, फक्त गॅस भरून घ्या." माझी पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५ हेच वाक्य सोबत घेऊन आली. पुढे तिच्यावर आणि मित्रांच्या अशाच गाड्यांवर काम करताना जे समजलं, ते नव्याने या कामात हात घालणाऱ्यांसाठी लिहितो आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत गॅसच्या डब्याला हात लावायचा नाही.

सुरुवात बोनेटखालच्या, गॅसचं नाव लिहिलेल्या लेबलपासून करा. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला घातक असलेला आर-१२ हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत गाड्या आर-१३४ए या गॅसवर आल्या. त्यामुळे दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन गाड्यांमध्ये दोन वेगळे गॅस असू शकतात. आर-१२ भरायच्या तोंडांना आटे असतात, आर-१३४एची तोंडं खटकन बसणारी असतात. पण नुसत्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आधीच्या मालकाने आट्यांवर अडॅप्टर चढवून, आत काहीही न बदलता नवा गॅस ढकललेला असतो. हा प्रकार फार दिसतो. आर-१२ बरोबर चालणारं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कुठेतरी साचून बसतं, कॉम्प्रेसरपर्यंत (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपापर्यंत) परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. गॅस बदलताना तेलही बदलायचं ते एवढ्यासाठीच. मी एस्टर ऑइल वापरतो, कारण जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी त्याचं जमतं. कुठलंही घेतलंत तरी डबा उघडा ठेवू नका, ही तेलं हवेतला ओलावा पटकन ओढतात.

आत उरलेला गॅस नट सैल करून हवेत सोडायचा नाही. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, शिवाय आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव बोटांवर किंवा डोळ्यांत गेला तर काय होईल ते सांगायला नको. रिकव्हरी मशीन असलेल्याकडून तो काढून घ्या आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

नळ्या उघडण्याआधी वीज तपासा, कारण कधीकधी गॅसचा प्रश्नच नसतो. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या पुलीवर 'टक' आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच या क्रमाने जा. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच एसीच्या क्लचला (पुली आणि कॉम्प्रेसर जोडणाऱ्या चुंबकी प्लेटला) वीजच देत नाही. तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. तेल गॅसबरोबर फिरतं, म्हणजे गॅस नाही तर तेलही नाही. वायर जोडून स्विचला बगल देणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका.

या गाड्यांत एक बिघाड मात्र पुन्हा पुन्हा दिसतो. सुरुवातीला एसी छान गार करतो, अर्ध्या तासाने गरम हवा सोडायला लागतो आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. सगळे गॅसला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा क्लचमधली फट असते. वर्षानुवर्षं घासून प्लेट आणि पुली यांच्यातलं अंतर वाढतं. क्लचच्या चुंबकाची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, चुंबक कमजोर पडतो आणि एवढ्या अंतरावरून प्लेट ओढू शकत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मधला नट काढला की प्लेट निघते आणि आत कागदाएवढ्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, दिसतात. एक शिम काढा, प्लेट बसवा, पुन्हा मोजा. पुली हाताने फिरवून घासत नाही ना ते बघा. एवढ्यावर काम होतं, आणि एवढ्यासाठी लोकांनी चांगले कॉम्प्रेसर भंगारात टाकलेले मी पाहिले आहेत.

क्लच ठीक असेल तर गळतीकडे वळा. गॅस दिसत नाही, पण जाताना तेल सोबत नेतो आणि त्या तेलावर धूळ बसते. जोडांवर, होजच्या दाबलेल्या टोकांवर, कॉम्प्रेसरच्या पुलीमागे चिकट काळा थर शोधा. कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या, गॅस गार करणाऱ्या जाळीचा) खालचा भाग दगड लागून फुटतो. एमएक्स-५ मध्ये कूलिंग कॉइल ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे. कॉइलचा डबा उघडला तर पंख्याने ओढलेली पानं कुजून कॉइलवर लगद्यासारखी चिकटलेली असतात आणि त्या ओलाव्याने ॲल्युमिनियम सडतं. टोयोटा एमआर२ असेल तर धीर धरा. इंजिन सीटच्या मागे, कंडेन्सर पुढे, म्हणजे अख्ख्या गाडीच्या पोटाखालून गेलेली नळी तपासायची.

खात्रीसाठी रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरा आणि जोडांना साबणाचं पाणी लावा. टायरवाल्याची हवा नको, तिच्यात ओलावा असतो. जोड उघडताना दोन पाने वापरा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते. जुनी काळी ओ-रिंग बाहेर आली की गोल राहिलेली नसते, चपटी होऊन कडक झालेली असते. उघडलेल्या प्रत्येक जोडाला आर-१३४ए ला चालणारी नवी ओ-रिंग, तेलात बुडवून.

काढलेल्या तेलात चंदेरी चकाकी दिसली तर कॉम्प्रेसर आतून खाल्ला गेलाय. मग कॉम्प्रेसरबरोबर एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक तोटी) बदला. बारीक वाहिन्यांचा कंडेन्सर असेल तर तोही, तो धुऊन साफ होत नाही. ड्रायर (आतला ओलावा शोषणारी डबी) तर नेहमीच नवा घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी बसवायचा. त्याची टोपणं काढली की लगेच व्हॅक्यूम पंप सुरू.

पंप किमान पाऊण तास चालू द्या. दाब इतका खाली गेला की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास दाबाच्या गेजच्या काट्याकडे बघा. काटा हलला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. व्हॅक्यूममध्ये जोडावर फार तर एका वातावरणाचा दाब येतो आणि तोही बाहेरून आत. चालू एसीत हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या नळ्यांत) त्याच्या दहापटीहून जास्त दाब आतून बाहेर ढकलतो. नायट्रोजनची चाचणी म्हणूनच चुकवायची नाही.

गॅस वजनकाट्यावर भरा. आर-१२ची गाडी बदलली असेल तर लेबलवरच्या वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करा. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायचं हा नियम आर-१२चा. आर-१३४ए मध्ये तो पाळलात तर गॅस जास्त होतो. गेजवर दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. हाय साइड चढत चालली असेल तर पंखा बघा किंवा गॅस जास्त झालाय. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय.

गेज बरोबर, परतीची नळी गार, तरी आत हवा कोमटच, असंही होतं. तेव्हा डॅशबोर्डखाली वाकून हीटरच्या फ्लॅपची केबल बघा. क्लिपमधून थोडी सरकली असली तरी फ्लॅप पूर्ण मिटत नाही आणि गार हवेत हीटरची गरम हवा मिसळत राहते. कंट्रोल पूर्ण थंडवर ठेवायचा, फ्लॅप हाताने शेवटपर्यंत मिटवायचा आणि केबल ताणून क्लिप पुन्हा लावायची.