पुण्याचा लक्ष्मी रोड पायी चालताय? मग या चुका टाळा

"आम्ही अख्खा लक्ष्मी रोड चाललो," असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो, "डुल्या मारुती लागला का?" समोरचा गप्प. म्हणजे गडी अर्ध्या वाटेवरच, सोन्या मारुती चौकात, रिक्षा करून घरी गेलेला असतो.

ही पहिली चूक, आणि माझा सगळा राग हिच्यावरच आहे. अलका टॉकीजच्या चौकातून निघायचं, कपड्यांची आणि सराफांची दुकानं संपली की रस्ताही संपला असं मानायचं. रस्ता संपत नाही हो! तो क्वार्टर गेटपर्यंत जातो, सगळा मिळून तीनेक किलोमीटर.

दुसऱ्यांना काय बोलू, मी स्वतः तेच करत होतो. जन्म सदाशिव पेठेतला, त्यामुळे पुण्याचं सगळं आपल्याला ठाऊक हा समज जन्मजात. एकदा स्कूटरची क्लच प्लेट गेली. मेकॅनिक म्हणाला, नाना पेठेतून आणा, स्वस्त पडेल. गाडीच बंद, म्हणून सिटी पोस्टापासून चालत निघालो, गल्ल्यागल्ल्यांतून विचारत विचारत पोचलो. पार्ट घेतला आणि दुकानदाराला विचारलं, "अलका टॉकीजला जायला कुठला रस्ता धरू?" त्यानं माझ्या पायाखाली बोट दाखवलं. "हाच की. सरळ जावा." मी विचारलं, "हा कुठला रोड?" तो आधी माझ्याकडे, मग हातातल्या क्लच प्लेटकडे बघून म्हणाला, "लक्ष्मी रोड. पुण्यात नवीन का?"

सदाशिव पेठेतल्या माणसाला! त्या दिवशी मुकाट्यानं त्याच रस्त्यानं चालत परत आलो आणि अर्ध्या आयुष्याची चुकवलेली वाट पाहिली. गणेश पेठेत डुल्या मारुती लागतो. पानिपतची लढाई चालू असताना ही मूर्ती डुलत होती, अशी आख्यायिका आहे. त्या लढाईत १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे माझ्या घराशी. बेलबागेतलं विष्णूचं देऊळ नाना फडणविसांनी बांधलेलं, आणि जिथून मी क्लच प्लेट आणली ती पेठही त्यांच्याच नावाची. मध्ये नागझरी ओलांडतो आपण. जुन्या गावाची पूर्वेची शीव ती. पण आज दुकानांच्या गर्दीत ओढा आहे हे कळतसुद्धा नाही. अर्ध्यातून परतणाऱ्याला यातलं काय मिळणार? साड्यांचे सेल.

यावर माझा उपाय: आधी बसनं किंवा रिक्षानं क्वार्टर गेट गाठायचं आणि घराकडे चालत यायचं. कंटाळा आला तरी घर पुढेच असतं, मागे फिरून उपयोग नाही. शिवाय बेलबाग चौकापासून अलकापर्यंत तुम्ही विसर्जन मिरवणुकीच्याच दिशेनं चालता. एरवी ढोलताशाच्या दणक्यात ज्या इमारती कुणी बघत नाही, त्या बघायला मिळतात. कॅम्पात राहणाऱ्यांनी अर्थातच उलटं करावं.

दुसरी चूक शॉर्टकटची. माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. घड्याळात पावलं मोजतो. एका शनिवारी संध्याकाळी (हीच मुळात चूक, पण त्याला सुट्टी तेव्हाच) त्याला आणि सूनबाईंना घेऊन निघालो. पुढची गर्दी बघून तो म्हणाला, "मामा, तुळशीबागेतून काढू, पाच मिनिटं वाचतील." मी नको म्हटलं. ऐकतंय कोण? सव्वा तासानं आम्ही मंडईपाशी बाहेर पडलो. हातात एक पोळपाट, दोन चिमटे आणि कानातल्यांच्या चार जोड्या. तुळशीबागेतल्या राममंदिराकडे तिघांपैकी एकानंही मान वर करून पाहिलं नव्हतं. घड्याळ मात्र खूश, नऊ हजार पावलं! मी म्हटलं, बाबा रे, याला बाजारहाट म्हणतात.

बोळ दिसला की शिरावंसं वाटतं, मान्य. पण पेठांमधले बोळ नकाशाला विचारून वळत नाहीत. कधी थेट कुणाच्या वाड्याच्या चौकात नेऊन सोडतात, आणि तिथे वाळवणावर पाय पडला तर पुढचं बोलणं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मी बोळ वहीत टिपून ठेवतो. त्यांचा दिवस वेगळा.

बाकीच्या चुका किरकोळ. नवी चप्पल घालून येऊ नका. निघण्याआधी मिसळ हाणू नका, नंतर हाणा. एका फेरीत दोन्ही बाजू बघायच्या म्हणून सारखा रस्ता ओलांडत बसू नका. जाताना एक बाजू, दुसरी पुढच्या खेपेला. एक ते चारचे विनोद खूप झाले, पण दुपारच्या त्या वेळात कुठलीतरी शटरं अजूनही खाली असतात, आणि चालायला रस्ता तेव्हाच बरा. तळमजल्याच्या काचांकडेच बघत राहू नका. लाकडी सज्जे, जुन्या खिडक्या जे काही उरलंय ते वरच्या मजल्यावर आहे.

आणि आपण कुठल्या पेठेत आहोत हे फोनला विचारू नका. दुकानाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात पत्ता असतो, तो वाचा. नारायण, बुधवार, रविवार, गणेश, नाना, असं पाट्यांवरच बदलत जातं. समोरासमोरच्या दोन दुकानांच्या पेठा वेगळ्या निघाल्या की मला अजूनही गंमत वाटते.

परवा भाच्याचा फोन आला, क्वार्टर गेटवरून. "मामा, एकटाच आलोय. कुठल्या बाजूनं चालू?"

म्हटलं, बाजू कुठलीही धर, पण पाकीट सूनबाईंकडेच ठेवून आलायस ना?