पडवीतलं आउटबोर्ड चालू केलं
मालवणच्या काकांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) कैक पावसाळे पडवीत गंजत होतं. दोरी ओढली तर कॉम्प्रेशन चांगलं, प्लगला ठिणगीही. म्हणजे घोळ पेट्रोलचा. कार्बोरेटरच्या वाटीत काकवीसारखा चिकट थर, मेन जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) पार बुजलेला. क्लीनर फवारून हवा मारली, मोकळा झाला.

खरी कटकट खाली. खाऱ्या पाण्याने लोअर युनिटचे (पाण्यात बुडणाऱ्या, पंख्याच्या खालच्या भागाचे) बोल्ट असे धरलेले, की गरम करून, तेल सोडून रात्रभर ठेवले तेव्हा कुठे हलले. (इथे जोर लावला की बोल्ट तुटलाच.) इंजिन थंड ठेवायला पाणी वर खेचणाऱ्या इम्पेलरची रबरी पाती वाकून कडक झालेली, नवा टाकला. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं, सीलही बदलले.

चालवून बघायला खालचा भाग पिंपातल्या गोड्या पाण्यात, पेट्रोलमध्ये ५०:१ टूटी ऑइल (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग टू-स्ट्रोकचं तेल). सुरू होताच मागच्या भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर लगेच बंद करा, कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो.