जुने बॉक्सिंग अंक जमवायचेत? मग आधी निकाल विसरा

'रिंग' किंवा 'केओ' या अमेरिकन बॉक्सिंग मासिकांचे जुने अंक जमवावेत असं ज्यांना हल्ली वाटायला लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय. बहुतेक जण सुरुवात कव्हर बघून करतात, मीही तशीच केली होती, अली दिसला घेतला, टायसन दिसला घेतला, लेनर्ड दिसला घेतला, आणि वर्षभराने हातात वीस अंक, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. भिंतीवर लावायचे असतील तर ठीक आहे, पण वाचायचे असतील तर सुटे अंक घेऊ नका, सलग घ्या. एक वर्ष धरा किंवा एक बॉक्सर धरा आणि त्याच्या आजूबाजूचे आठ-दहा महिने ओळीने मिळवा.

का ते सांगतो. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण १९८९ च्या शेवटी छापलेला अंक उघडा, तिथे हे कुणालाच माहीत नाही. टायसन ३७-० आहे, म्हणजे सदतीस फाइट्स जिंकलेल्या, हरलेली एकही नाही, त्याला कोण हरवणार याची गंभीर चर्चा चाललीय, आणि त्या चर्चेत नाव आहे ते होलीफिल्डचं. डग्लस म्हणजे मधलं एक काम, ते उरकायचं आणि पुढे जायचं! आणि टायसन-होलीफिल्ड फाइट प्रत्यक्षात झाली कधी, तर नोव्हेंबर १९९६ मध्ये. हे सगळं माहीत असताना तो अंक वाचायचा आणि तरी त्या लेखकाबरोबर न कळता चालायचं, ही जी मजा आहे ना, ती हायलाइट्सच्या व्हिडिओत मिळत नाही. आम्ही जुने लोक मासिकांच्या आठवणी काढतो तेव्हा खरं तर त्या वाट बघण्याच्या आठवणी असतात.

तर सलग अंक शोधताना पहिली अडचण येते ती कव्हरवरच्या महिन्याची. अमेरिकन मासिकं पुढची तारीख टाकायची, म्हणजे कव्हरवर जो महिना छापलाय त्याच्या बरंच आधी अंक स्टॉलवर आलेला असायचा आणि मजकूर त्याहून आधी छापखान्यात गेलेला. त्यामुळे फाइट ज्या महिन्यात झाली त्या महिन्याचा अंक घेतलात तर आत प्रिव्ह्यू सापडेल, किंवा तेही नाही. रिपोर्ट हवा असेल तर दोन-तीन महिने पुढचा अंक बघा, आणि विकणाऱ्याला अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो मागाच. ब्रिटनच्या 'बॉक्सिंग न्यूज'चं असं नाही. ते कित्येक दशकं साप्ताहिक होतं, त्यामुळे फाइट आणि रिपोर्ट यांत काही दिवसांचंच अंतर, लेखकाच्या डोक्यात अजून हॉलमधला गोंगाट असतो असं वाचताना वाटतं. १९०९ पासून चालू आहे ते, सुरुवातीला नाव नुसतं 'बॉक्सिंग' होतं.

कुठलं मासिक घ्यावं? 'द रिंग' तर हवंच. नॅट फ्लायशरने १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलं आणि १९७२ मध्ये तो जाईपर्यंत पन्नास वर्षं संपादक राहिला, एका माणसाच्या मताने अख्खा खेळ मोजला जायचा, चांगलं-वाईट दोन्ही अर्थांनी. १९६६ सालचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून त्यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या अलीला नाकारलं आणि त्या वर्षी कुणालाच दिला नाही तो मान. असला अंक हातात घेतला की तो काळ कसा होता ते कुणी वेगळं सांगायला लागत नाही. 'केओ' १९८० मध्ये आलं, ते जास्त चकचकीत, फोटो मोठे, भाषा मोकळी. मला स्वतःला ऐंशीच्या दशकासाठी 'केओ' जास्त आवडतं, मार्विन हॅगलर, टॉमी हर्न्स या बॉक्सर्सच्या काळातल्या खेळाची गरमी त्यात जास्त जाणवते. ते काढणारा स्टॅन्ली वेस्टन पोरवयात 'रिंग'च्या ऑफिसात पडेल ते काम करायचा, मग 'रिंग'ची कव्हरं रंगवायला लागला, १९५८ मध्ये 'बॉक्सिंग इलस्ट्रेटेड' काढलं, आणि शेवटी 'रिंग'च विकत घेतलं. त्याची ब्रशने काढलेली कव्हरं मिळाली तर सोडू नका.

हो, एक लक्षात ठेवा, १९८९ मध्ये 'रिंग' पैशाअभावी काही महिने बंद पडलं होतं. तेव्हाचे अंक सापडत नाहीत म्हणून डोकं धरून बसू नका, निघालेच नव्हते. ती जागा 'केओ' आणि 'बॉक्सिंग न्यूज'ने भरा.

घेताना काय तपासायचं तर चार फोटो मागा: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, पिनांची बाजू आणि मधलं पान. मधलं पान फार महत्त्वाचं, कारण पोस्टर तिथे असायचं आणि पोरं ते काढून भिंतीवर लावायची. मला एकदा अंक आला, बाहेरून नवा कोरा, आत मधली चार पानं गायब आणि नेमका मेन फाइटचा रिपोर्ट अर्ध्यात तुटलेला. कूपन कापलेलं असेल तर मागच्या बाजूला काय होतं तेही गेलेलं असतं. पत्त्याचं लेबल चिकटलेलं असेल तर किंमत कमी होते, पण वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही, उलट असे अंक निवांत घ्या, पैसे वाचतात. कुबट वास मात्र जात नाही, म्हणून दमट जागेत ठेवला होता का ते आधीच विचारा.

आता वाचायचं कसं. मागून सुरू करा. शेवटच्या पानांवर बारीक टाइपात निकाल असतात, कुठल्या शहरात कोण कुणाशी किती राउंड लढला, आणि त्यात पुढे चॅम्पियन झालेल्या माणसाची सहा राउंडची फाइट एका ओळीत सापडते, नावाचं स्पेलिंगही कधी चुकलेलं. मग रँकिंगची पानं, प्रत्येक वजनगटात दहा नावं, मागच्या महिन्याचा अंक शेजारी ठेवा आणि कोण वर गेला कोण खाली ते बोटाने बघा. मग वाचकांची पत्रं, ती तर अजिबात सोडू नका, लोक तेव्हाही इतकेच तावातावाने भांडायचे, फक्त उत्तर यायला दोन महिने लागायचे. मोठे लेख सगळ्यात शेवटी.

रेकॉर्डचे आकडे मात्र डोळे झाकून घेऊ नका. १९७७ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर चाललेल्या एका टुर्नामेंटसाठी काही बॉक्सर्सच्या नावावर न झालेल्या फाइट्स चढवल्याचं उघड झालं आणि ते आकडे 'रिंग'च्याच रेकॉर्ड बुकात होते. तेव्हा आकडा बॉक्सरेक या रेकॉर्डच्या वेबसाइटवर ताडून बघा, मासिकाकडून घ्यायचं ते मत, वातावरण, माणसं.

जपायचं सोपं आहे पण चुका लवकर होतात. स्वस्त कागदात आम्ल असतं, तो आपोआप पिवळा पडतो, उन्हात तर फारच पटकन. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, पीव्हीसीची नको, तिच्यातून निघणारी रसायनं कव्हरला खातात. मागे आम्लविरहित पुठ्ठा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, रबरबँडही नको. पिना गंजल्या असतील तर पुढून ओढू नका, आतून पाय सरळ करून अलगद सोडवा. खोका जमिनीवर ठेवू नका, ओल आणि कसर दोन्ही खालून येतात. स्कॅन करायचा असेल तर अंक दाबून सपाट करायचा नाही, अर्धा उघडा ठेवून वरून फोटो काढा.

आणि आजचेही अंक घ्या. 'बॉक्सिंग मंथली' २०२० मध्ये बंद झालं, 'रिंग'ने शंभरी गाठली आणि २०२२ संपताना छापील अंक थांबवला, २०२४ मध्ये सौदी सरकारातल्या तुर्की अलालशिख या बड्या अधिकाऱ्याने ते विकत घेतलं. 'बॉक्सिंग न्यूज' अजून निघतंय, जमलं तर वर्गणी भरा.

माझ्याकडे एक अंक आहे, त्यात प्रिव्ह्यूच्या शेजारी आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलंय कोण जिंकेल आणि कितव्या राउंडमध्ये, आणि खाली निळ्या शाईत, बहुधा दोन-तीन महिन्यांनी, खरा निकाल. चुकला होता बिचारा. अशा खुणा खोडू नका, अंक 'खराब' म्हणून परतही करू नका. आणि सलग अंक वाचताना तुम्हीही एका चिठ्ठीवर असंच करा, अंडरकार्डच्या, म्हणजे मेन फाइटच्या आधी होणाऱ्या, निकाल माहीत नसलेल्या फाइट्स निवडा, नाव लिहा, चिठ्ठी आत ठेवा आणि मगच पुढचा महिना उघडा.